गिअरबॉक्समधून ऑइल गळायलंय, पूर्ण उतरवायचा की नुसतं सील टाकायचं?

बालाघाटी (अंबाजोगाई)
राम राम मंडळी. छोटी पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअर, सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्यापासून गाडी जिथं उभी राहते तिथं फरशीवर तेलाचे ठिपके पडायलेत. आधी वाटलं एसीचं पाणी असंल, पण बोट लावून बघितलं तर चिकट, आणि वास एवढा उग्र की साबणानं हात धुतला तरी जाईना. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं ओघळ दिसतो. इंजिन ऑइलची पट्टी बघितली, ते बरोबर आहे, म्हणजे इंजिनचं नाही.

जितक्यांना दाखवली तितकी उत्तरं आली. एकजण म्हणला पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यातच क्लचप्लेट टाकून घ्या. दुसरा म्हणला काही होत नाही, अधनंमधनं ऑइल टाकत चला. आणखी एकानं सांगितलं गळती बंद करायचं औषध मिळतं बाटलीत, ओता आणि विसरा. आईला लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं दर पंधरा दिवसाला, त्यामुळं गाडी बंद ठेवून भागत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी नीट सांगा, चालवू का उभी करू?

मोसंबीबाग (जालना)
लोक शनिवारी शनीला तेल वाहतात, तुमच्या गाडीनं रोजचंच व्रत धरलेलं दिसतंय 😀
गंमत सोडा दादा, लातूरची चक्कर मारायच्या आधी आत ऑइल किती शिल्लक आहे ते बघून घ्या. इंजिनला ऑइल प्रेशरचा लाल दिवा असतो, गिअरबॉक्सला कुठलाच दिवा नसतो.

लातूरचा_मिस्त्री
दादा, पहिलं एक करा, कुणाच्याही बोलण्यावर गाडी खोलू नका. गळती कुठून आहे हे ठरल्याशिवाय काय खोलायचं ते कसं ठरणार? तुम्ही वासाचं लिहिलंत ते बरं झालं. गिअर ऑइलमधी गंधकाचं अॅडिटिव्ह असतं, त्याचा तो उग्र वास. इंजिन ऑइलला तसा वास नसतो. म्हणजे तुमचं गिअर ऑइलच आहे असं धरून चालू.

आता गिअरबॉक्सला गळायच्या जागा ठरलेल्या असतात. डावा-उजवा एक्सल (चाक फिरवणारा दांडा) जिथं आत जातो तिथलं सील, खालचा ड्रेन प्लग आणि त्याचा वॉशर, स्पीडोमीटरच्या सेन्सरची ओ-रिंग, गिअर बदलायचा दांडा आत जातो तिथलं सील, दोन हाऊसिंगमधला जोड, आणि आत क्लचकडं इनपुट शाफ्टचं सील. हे शेवटचं सोडलं तर बाकी बरीचशी कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. इनपुट शाफ्टचं सील गेलं तर ऑइल क्लच हाऊसिंगच्या खालून, म्हंजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथून टपकतं, आणि क्लचप्लेटला लागलं तर चढाला क्लच घसरायला लागतो. तुमचा ओघळ चाकाच्या बाजूला आहे म्हणता, मला तर एक्सल सीलच वाटतंय. पण वाटून काम करत नसतात. गाडी खाली डिझेल आणि ब्रशनं घासून कोरडी करा, कपड्यानं पुसा, वरून अंगाला लावायची पावडर मारा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि मग खाली बघा. पावडरीवर जिथं पहिली ओली रेघ दिसते तिथून गळती. लक्षात ठेवा, गाडी पळताना वारा ऑइल मागं फेकतो, म्हणून थेंब पडतो तिथं गळती नसते, ती त्याच्या वर आणि पुढं असते. इथंच लई जण फसतात.

तेरणाकाठ (धाराशिव)
+१ मिस्त्रींना. रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग नेमका चाकाच्या हिशेबानं कुठं आहे ते कळतं. रंग बी दिसतो पुठ्ठ्यावर. पाण्यासारखं हिरवं-गुलाबी असंल तर कूलंट, पातळ पिवळसर असंल तर ब्रेक ऑइल (क्लच हायड्रॉलिक असला तर तेच ऑइल क्लचकडून बी येतं, रंगावर पडलं की रंग सोलतो), काळं असंल तर इंजिनचं.

गोदाकाठ (गंगाखेड)
मी औषधाच्या बाजूनं बोलतो. आमच्या जुन्या जीपला डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) पिनियन सीलमधून गळायचं. ऊसतोडीचा सीझन चालू, गाडी एक दिवस बी उभी करता येत नव्हती. बाटली ओतली, गळती जवळजवळ थांबली आणि सीझन निघाला. त्यामुळं सरसकट फालतू म्हणू नका.

वाळूज_सेकंड_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)
गोदाकाठ काका, तुमचा अनुभव खोटा नाही, पण ते का थांबलं ते सांगतो, मी रबर पार्टच्या लाईनवर काम करतो. सील म्हणजे लोखंडी रिंगवर बसवलेला रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठावर मागून बारीक स्प्रिंग आवळलेली. उष्णतेनं वर्षानुवर्षं रबर कडक होतं, आकसतं, ओठ शाफ्टवर नीट टेकत नाही, तिथून ऑइल निघतं. बाटलीतलं औषध रबर फुगवतं आणि मऊ करतं, म्हणून ओठ परत टेकतो. पण ते फुगवणं तुमच्या गळक्या सीलपुरतं राहत नाही, आत जेवढी सीलं आहेत सगळ्यांना लागू होतं, चांगल्या सीलला सुद्धा. आणि ओठ फाटलेला असेल किंवा शाफ्टला खाच पडली असेल तर कितीबी ओता, काही उपयोग नाही. अडचणीत सीझन काढायला ठीक आहे, आईला घेऊन जायच्या गाडीत मी नाही टाकणार.

आणखी एक. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जुनं सील दुकानात घेऊन जा आणि आकडे जुळवा. आकडे जुळले तरी रबर बघा. साधं नायट्राईल रबर १०० अंशाच्या आसपास तग धरतं, व्हिटॉनचं त्याच्या जवळपास दुप्पट. दिसायला दोन्ही सारखीच. कंपनीनं जे दिलंय तेच टाका, सील काही फार महाग येत नाही, मजुरी त्याच्यापेक्षा जास्त जाते, मग सीलमध्ये पैसे कशाला वाचवायचे?

गोदाकाठ (गंगाखेड)
हे पटलं. जीपचं पिनियन सील नंतर बदललंच आम्ही.

बालाघाटी (अंबाजोगाई)
सगळ्यांचे आभार. मिस्त्री, लेव्हल घरी बघता येईल का? गिअरबॉक्सला पट्टी दिसत नाही कुठं. आणि वॉशिंग सेंटरवर खालून प्रेशरनं धुवून घेतलं तर चालंल का, डिझेलनं घासण्यापेक्षा सोपं.

लातूरचा_मिस्त्री
प्रेशर नको. गिअरबॉक्सच्या वर ब्रीदर म्हणून एक छोटी टोपी असते, तिथून आणि सीलच्या कडेनं पाणी आत जाऊ शकतं. आणि आमच्या लातूरकरांना तसंबी पाणी उडवायचं जिवावर येतं, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेली माणसं आहोत आम्ही. लिटरभर डिझेल आणि एका ब्रशमधी काम होतं.

लेव्हल बघायची रीत अशी. गाडी सपाट जागेवर पाहिजे, नुसत्या पुढच्या जॅकवर तिरकी केलेली नको. गिअरबॉक्सच्या अंगाला मधल्या उंचीवर एक बोल्ट असतो, तो फिलर. तो खोलला की ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं पाहिजे. करंगळी आत घालून खाली वाकवा, लगेच ऑइल लागलं तर ठीक, करंगळीचं टोक कोरडं आलं तर कमी आहे. छोट्या गाड्यांत सगळं मिळून दोन लिटरच्या आसपासच ऑइल असतं, त्यामुळं पाव-अर्धा लिटर गेलं तरी ते लई असतं. आणि एक नियमच करून टाका, ऑइल बदलायचं झालं तर आधी फिलर बोल्ट सुटतो का बघायचं, मग खालचा ड्रेन खोलायचा. फिलर गंजून बसलेला असला आणि तुम्ही आधी ड्रेन केलं, तर गाडी रिकामी होऊन तिथंच बसती.

गाडीखाली नुसत्या जॅकवर जाऊ नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, चाकाला दगड लावा, मगच.

कन्नडघाट
"थोडं ऑइल टाकत चला" म्हणणाऱ्याचं ऐकू नका हो. आमच्या ओळखीतल्या एकानं तसंच चालवलं. पहिल्यांदा पाचव्या गिअरला बारीक रडल्यासारखा आवाज येऊ लागला, तो गाण्याच्या आवाजात दाबला गेला. मग गिअर कडक पडायला लागले, विशेषतः सकाळी. शेवटी सोलापूर-धुळे हायवेवर घाट चढताना खाडकन आवाज आला आणि गाडी जागेवर. बेअरिंग फुटून तुकडे गिअरमधी गेले होते. बऱ्याच गाड्यांत पाचवा गिअर टोकाला असतो, ऑइल कमी झालं की आधी त्याच्याच पोटाला चिमटा बसतो. सीलच्या पैशात भागलं असतं त्याला अख्खा गिअरबॉक्स घ्यावा लागला.

मोसंबीबाग (जालना)
एमसील लावून बघा असं कुणी सांगितलं नाही का अजून? आमच्याकडं हाऊसिंगला दगड लागून तडा गेला की पहिला उपाय तोच असतो.

लातूरचा_मिस्त्री
भौ, तड्याला लागू होतो पण धातू पूर्ण कोरडा आणि घासलेला पाहिजे. ऑइल झिरपतंय आणि वरून लिंपायलेत, तिथं कुठलीच पुटी धरत नाही. ऑइल काढून, पेट्रोलनं पुसून, पॉलिश पेपर मारून लावली तर घरापर्यंत पोचवती. पुढं अॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा चांगला माणूस बघा. सीलच्या जागी मात्र ते लावायचंच नाही, तिथं शाफ्ट फिरतो.

शेतातला_इंजिनिअर (वसमत)
विषय थोडा बाजूला नेतो. गळतीचा शोध घेताना जे जुनं ऑइल निघंल ते काय करता तुम्ही लोक? आमच्याकडं जळकं ऑइल गेटच्या खांबाला, गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, आणि उरलेलं सरळ बांधावर ओततात.

तेरणाकाठ (धाराशिव)
आमच्याकडं बी लावतात की. वडिलांच्या काळापासून लाकूड टिकतंय, काय वाईट आहे त्यात?

शेतातला_इंजिनिअर (वसमत)
लाकूड टिकतं, वाद नाही. पण गोठ्याचं लाकूड जनावर चाटतं, आणि बांधावर ओतलेलं मातीतच राहतं, पावसात वाहून विहिरीकडं जातं. वापरलेलं ऑइल सरकारी नियमातबी घातक कचऱ्यात धरलंय. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्या, गोळा करणारे त्यांच्याकडून घेऊन जातात. आपल्या पट्ट्यात पाणी आधीच एवढ्या खोल गेलंय, जे आहे ते तरी नासवू नका ही विनंती.

तेरणाकाठ (धाराशिव)
चाटायचं खरंय, ते डोक्यात आलं नव्हतं. कॅनचं करतो.

मांजरा_खोरं (केज)
मूळ विषयावर येतो. बालाघाटी दादा, पावसाळ्यापासून सुरू झालं म्हणताय, तर एखाद्या फरशी पुलावरून पाण्यातून गाडी काढली होती का? गिअरबॉक्स तापलेला असतो, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसती आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल खोलून बघा, दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं आलं तर आत पाणी आहे. तसं असलं तर नुसतं सील टाकून उपयोग नाही. ऑइल पूर्ण काढा, नवीन टाका, थोडं चालवून परत एकदा काढा, तेव्हा कुठं आतलं पाणी जातं. नाहीतर बेअरिंगला गंज चढतो.

आणि ब्रीदर बघाच. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसती. ब्रीदर बुजला की आतली गरम हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, ती सीलमधून ऑइल ढकलती. मग सील कितीही वेळा बदला, परत गळतं आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

लातूरचा_मिस्त्री
केजच्या दादांनी माझ्या मनातलं लिहिलं. ब्रीदरकडं लईजण बघतच नाहीत. गाडी काही महिने उभी असली तर ब्रीदरच्या तोंडाला कुंभारमाशीचं घर बी सापडतं.

बालाघाटी (अंबाजोगाई)
उशिरा लिहायलोय, माफ करा, लातूरची चक्कर होती (चुलतभावाची गाडी नेली). तुम्ही सांगितल्यासारखं डिझेलनं धुवून पावडर मारून फिरवली. पहिली रेघ डाव्या एक्सलच्या मुळाशीच आली, क्लच हाऊसिंगकडं पावडर कोरडी ठणठणीत. गावातच एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना हे सगळं दाखवलं, ते म्हणाले एवढं बघून आणलंय तर आता काम सोपं आहे. फिलर खोलला तर करंगळीला ऑइल लागलंच नाही. निघालेलं ऑइल काळपट होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी मलमासारखा गाळ होता, तुकडे नव्हते. मिस्त्री म्हणाले मलम चालतं, तुकडे चालत नाहीत.

ब्रीदरची टोपी मात्र मातीनं पार बुजलेली. सुईनं टोकरून काढली तेव्हा आतून फुस्स करून हवा आली, ते बघून मिस्त्रींनी "हे घ्या कारण" म्हणत माझ्याकडं बघितलं. एक्सल बाहेर काढल्यावर शाफ्टवर जिथं सील टेकतं तिथं चकचकीत पट्टा दिसतो, त्यावर त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं नाही, म्हणजे खाच नाही. नवीन सील ओठाला ऑइल लावून, स्प्रिंगची बाजू आत, आणि जुन्या बेअरिंगची रिंग वर ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोकत बसवलं. ड्रेनचा वॉशरही नवीन टाकला. आता पुठ्ठा कोरडा आहे. गिअरबॉक्स उतरवायची गरजच पडली नाही.

वाळूज_सेकंड_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)
एक नंबर काम. ज्यांच्या शाफ्टला नख अडकतं त्यांच्यासाठी सांगतो, लगेच नवीन एक्सल घ्यायची गरज नसते. सील एक-दोन मिलिमीटर वेगळ्या खोलीवर बसवता आलं तर ओठ कोऱ्या जागी टेकतो, नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते. आणि एक्सल परत घालताना दाते सीलच्या ओठाला लागू देऊ नका, नवीन सील पहिल्याच दिवशी गळतं ते बहुतेक ह्याच कारणानं.
ऑइल कोणतं टाकलंत?

बालाघाटी (अंबाजोगाई)
गाडीच्या पुस्तकात बघून ७५डब्ल्यू-९० (ऑइलची जाडी), जीएल-४ (ऑइलचा दर्जा). दुकानदार जीएल-५ देत होता, वरचा नंबर आहे म्हणे, जास्त चांगलं.

लातूरचा_मिस्त्री
बरं केलं घेतलं नाही ते. जीएल-५ डिफरन्शियलच्या जड दाबासाठी, त्यात गंधक-फॉस्फरस जास्त असतं. काही गिअरबॉक्समधी सिंक्रोच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) रिंगा पितळेच्या असतात, त्यांना ते मानवत नाही. पुस्तकात जे लिहिलंय तेच टाकायचं. काही मॅन्युअल गिअरबॉक्सला तर कंपनी एटीएफ (ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल) सांगती, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. आणि ड्रममधलं सुट्टं ऑइल नको, सीलबंद डबा घ्या.

परभणीची_ताई
मी हा धागा वाचतेच आहे, आता माझी अडचण. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. दोन दिवस झाले खाली लालसर तेल दिसतंय, आणि डी मध्ये टाकलं की गाडी जरा थांबून धक्का देऊन निघते. भावाचं म्हणणं पॉवर स्टिअरिंगचं तेल असेल, तेही लालच असतं. चालवत परभणीहून नांदेडला नेऊ का दाखवायला?

तेरणाकाठ (धाराशिव)
ताई, एएमटी आहे की खरी ऑटोमॅटिक? २०१४ ला सेलेरिओपासून आपल्याकडं एएमटी आली तिच्या आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, वरचं सगळं लागू होतं. बऱ्याच एएमटीत क्लच आणि गिअर हलवायला वेगळं हायड्रॉलिक ऑइल बी असतं छोट्या टाकीत, ते वेगळं बघावं लागतं.

परभणीची_ताई
एएमटी नाही, टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे.

लातूरचा_मिस्त्री
मग ताई, चालवत नेऊ नका. स्टिअरिंगचं तेल बी लाल असतं हे तुमच्या भावाचं बरोबर आहे, बॉनेट खोलून त्याची टाकी बघा, लेव्हल कमी झाली असंल तर तिकडून गळतंय. पण डी मधी टाकल्यावर थांबून धक्का देतीय म्हणता, ते लक्षण गिअरबॉक्सचं ऑइल कमी झाल्याचं आहे. मॅन्युअलमधी ऑइल फक्त वंगण असतं, ऑटोमॅटिकमधी त्याच ऑइलच्या दाबावर गिअर पडतात आणि तेच थंड ठेवायचं काम करतं. ते कमी पडलं की आतल्या क्लचच्या प्लेटा घसरून जळतात, आणि ते एका चकरेत होऊ शकतं. शिवाय ते ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून धूर दिसला तर गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची.

पट्टी असंल तर पुस्तकात दिल्याप्रमाणे बघा, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि ऑइल गरम असतानाच बघतात. नव्या बऱ्याच गाड्यांत पट्टीच नसती, तिथं ठरलेल्या तापमानाला स्कॅनर लावून लेव्हल बघावी लागते, ते रस्त्यावरच्या गॅरेजचं काम नाही. गळायच्या जागा म्हणाल तर खालच्या पॅनचं गास्केट, कूलरला जाणारे पाईप आणि एक्सल सील, आधी पाईप बघायला सांगा, स्वस्तात सुटतं.

नेताना दोरी बांधून ओढायची नाही. पुढची चाकं फिरली की बंद इंजिनवर आतला ऑइल पंप चालत नाही आणि गिअर कोरडे फिरतात. सपाट फाळक्याची टोइंग गाडी मागवा, चारही चाकं वर. विमा असंल तर पॉलिसीत रोडसाईडची सोय आहे का बघा, बऱ्याच जणांकडं असती.

परभणीची_ताई
स्टिअरिंगची टाकी बघितली, लेव्हल बरोबर आहे. म्हणजे गिअरबॉक्सचंच. पॉलिसीत टोइंग निघालं, फोन केलाय, सपाट फाळक्याचीच गाडी पाठवा म्हणून दोनदा सांगितलं.

लातूरचा_मिस्त्री
तिथं गेल्यावर त्यांना सांगा की निघालेलं ऑइल मोजून ठेवा आणि मला दाखवा. रंग तपकिरी आणि जळका वास असला तर पॅन खोलून आत काय साठलंय ते तुमच्यासमोर बघायला लावा, नुसतं वरून भरून गाडी घेऊ नका. फोटो काढून इथं टाका, बघू.